घराजवळचा ओढा सांभाळायचा असेल तर: राम नदीकाठच्या कामातून

पुण्यात ओढ्याची आठवण लोकांना दोनदा होते. एकदा मे महिन्यात वास सुटला की, आणि एकदा पावसाळ्यात पाणी पार्किंगमध्ये शिरलं की. मधल्या काळात काहीतरी करावं असं अनेकांना मनापासून वाटतं, पण सुरुवात कुठून करायची, कुणाला भेटायचं, कुठला कागद मागायचा हे सांगणारं कुणी भेटत नाही. आम्ही काही शेजारी बावधन-पाषाण भागात राम नदीच्या काठावर काम करतो. नव्याने येणाऱ्यांना जे तोंडी सांगत आलो ते इथे एकत्र लिहितो आहे. तुमचा ओढा दुसऱ्या शहरातला असला तरी खात्यांची नावं सोडली तर यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. कचरा वेचणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे, आणि फक्त तेवढंच केलं तर पुढच्या महिन्यात काठ पुन्हा तसाच दिसतो. ओढा सुधारतो तो त्यात येणारं सांडपाणी थांबल्यावर. त्यासाठी थोडीच पण तीच ती माणसं लागतात: एकाच छोट्या पट्ट्यावर महिनोन्महिने फिरणारी आणि पाहिलेलं लिहून ठेवणारी.

१. पट्टा छोटा निवडा

राम नदी भूकुमजवळ खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावते. तिथून भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर असं करत औंधजवळ मुळा नदीला मिळते. अंतर अठरा-एकोणीस किलोमीटर. सगळी नदी वाचवायची म्हणून निघालात तर दुसऱ्या बैठकीला चार माणसंही उरणार नाहीत. घरापासून चालत दहा मिनिटांत गाठता येईल असा अर्धा किलोमीटर घ्या. दोन पुलांमधला भाग उत्तम, कारण सुरुवात आणि शेवट कुणालाही दाखवता येतो.

पुण्यात जीवितनदी ही संस्था ‘दत्तक घेऊया नदीकिनारा’ नावाचा उपक्रम याच पद्धतीने चालवते. विठ्ठलवाडीच्या किंवा औंधच्या काठावर एखादा रविवार त्यांच्यासोबत घालवा. ऐकून कळत नाही ते तिथे पाहून कळतं.

पट्टा ठरला की हद्द तपासा. भूकुम-भूगाव मुळशी तालुक्यात, ग्रामपंचायत आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) अखत्यारीत. बावधन बुद्रुक २०२१ मध्ये महापालिकेत आलं. एकाच नदीच्या दोन काठांवर दोन कार्यालयं असू शकतात, आणि चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज टेबलावरच पडून राहतो.

२. कोरड्या दिवसांत, सकाळी चाला

इथे घाई करू नका. हातात पिशव्या घेण्याआधी निदान दोन-तीन महिने नुसतं चालायचं आणि नोंदी करायच्या.

वेळ महत्त्वाची आहे. मार्च ते मे, सकाळी साडेसात ते नऊ. त्या वेळी घराघरांत आंघोळी, धुणंभांडी चालू असतं. काठावर तुम्हाला दोन प्रकारचे पाइप दिसतील: काही पावसाळी गटाराचे, काही मैलापाण्याच्या वाहिनीचे. पावसाळी गटाराचा पाइप उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा असायला हवा. तो वाहत असेल तर वरच्या बाजूला कुणीतरी त्याला सांडपाणी जोडलेलं आहे. हे एक सूत्र पक्कं लक्षात ठेवलं तर अर्धी तपासणी झालीच.

मैलापाण्याच्या वाहिन्या बऱ्याच ठिकाणी ओढ्याच्या पात्रातूनच टाकलेल्या असतात, कारण उतार तयार मिळतो. त्यांची चेंबर (वाहिनी तपासायला ठेवलेल्या झाकणाच्या टाक्या) पात्रात उभी दिसतात. झाकण तुटलेलं, कडेला तडा, किंवा खालच्या बाजूला वाहिनी तुंबल्यामुळे चेंबरच्या तोंडातून उफाळणारं पाणी हे तिन्ही पाहा. चेंबर कोरडं असलं तरी त्याच्या भोवती वाळलेला काळा थर असेल तर ते अधूनमधून वाहतं असं समजा आणि दुसऱ्या वेळेला पुन्हा जा.

पाणी वाचायला शिका. पांढरा फेस म्हणजे धुण्याचं पाणी. काळं पाणी आणि सडक्या अंड्यांचा वास म्हणजे प्राणवायू संपलेला. आमच्या पट्ट्यातल्या एका पाइपच्या तोंडाशी दगडांवर करड्या रंगाचा, ओल्या कापसासारखा लोंबता थर असायचा. काडीने हलवला की त्याचे पुंजके सुटून वाहत जायचे. हा थर दिसला की तिथे मैलापाणी रोज येतं, कधीमधी नव्हे. पाइप नेमका त्या क्षणी कोरडा असला तरी हा थर खोटं बोलत नाही.

आणि स्वच्छ पाणी दिसलं तर त्याचीही नोंद करा. बावधनला राम नदीच्या काठावर जिवंत झरा आहे. बेसॉल्ट या काळ्या खडकाच्या भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून झिरपणारं असं पाणी शहरात अजून अनेक जागी ओढ्यांना मिळतं, पण गटाराचं समजून त्यावर काँक्रीट ओतलं जातं. साधी परीक्षा अशी: पारदर्शक बाटली अर्धी भरा, जोरात हलवा. फेस टिकला तर साबण आहे. फेस लगेच विरला, पाणी हाताला गार लागलं आणि आजूबाजूला हिरवं शेवाळ असेल तर झरा असण्याची शक्यता धरा आणि भूजलाची जाण असलेल्या माणसाला दाखवा. कोरड्या महिन्यांत ओढा त्यावरच जगतो, म्हणून तो शोधणं हे पाइप शोधण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

प्रत्येक जागेची नोंद एकाच पद्धतीने ठेवा: क्रमांक, नकाशावरची खूण, तारीख, वेळ, पाइपचा अंदाजे व्यास, रंग, वास, फोटो. फोटो दर वेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेने. पुढे कुठलाही अधिकारी पहिला प्रश्न ‘हे कधीपासून चालू आहे?’ असाच विचारतो, आणि त्याचं उत्तर फक्त ही वही देते.

३. जमीन कुणाची ते शोधा

ओढ्याचं पात्र, काठ आणि त्याला लागून असलेली मोकळी जागा या तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. ज्याला सगळे बाग म्हणतात तो भाग कधी विकास आराखड्यातला हरित पट्टा असतो, कधी बिल्डरने सार्वजनिक सुविधेसाठी सोडलेली जागा, तर कधी चक्क खाजगी मालकीचा.

हे कागद जमवा:

- गाव नकाशा (जुन्या नकाशात ओढ्याची मूळ वाट दिसते)
- सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका
- विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला (जागा कुठल्या वापरासाठी ठरवली आहे ते सांगणारा)
- पूररेषेचा नकाशा

शेवटच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत भराव किंवा बांधकाम दिसलं तर तक्रारीत तो शब्द न चुकता लिहा. नुसतं ‘अतिक्रमण’ लिहिलेल्या अर्जापेक्षा ‘निळ्या पूररेषेच्या आत राडारोडा टाकून भराव’ असं लिहिलेला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

जुनी वाट शोधणं ही निव्वळ हौस नाही. आंबिल ओढ्याची वाट पेशवाईतच वळवली गेली आणि पर्वतीचं तळं झालं, तिथे आज सारसबाग आहे. नंतरच्या काळात त्याचं पात्र आवळत गेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच ओढ्याच्या पुरात अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसं गेली. पाणी कुठून जायचं हे ज्या नकाशात दिसतं तो नकाशा प्रत्येक गटाकडे असायलाच हवा.

४. एक जागा, एक तक्रार, योग्य खातं

सगळ्या दुखण्यांचं एकच लांबलचक पत्र आयुक्तांना देऊ नका. ते वाटून वाटून हरवतं.

- फुटलेलं चेंबर, पावसाळी गटारातलं मैलापाणी: मलनिःसारण विभाग
- कचऱ्याचे ढीग, कचरा जाळणं: घनकचरा व्यवस्थापन, क्षेत्रीय कार्यालयातला आरोग्य निरीक्षक
- राडारोडा, भराव, बांधकाम: बांधकाम विकास विभाग आणि अतिक्रमण विभाग
- झाडं, हरित पट्टा, बाग: उद्यान विभाग
- कारखाना, गॅरेज, धुलाई केंद्राचं रंगीत किंवा तेलकट पाणी: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

ऑनलाइन तक्रार केली तरी टोकन क्रमांक घेऊन कनिष्ठ अभियंत्याला जागेवर बोलवा. काठावर उभं राहून दाखवलेला पाइप कागदावरच्या पाइपपेक्षा लवकर दुरुस्त होतो. चांगलं काम करणारे अभियंते भेटतात, आणि तुमची वही त्यांनाही वरून निधी मागायला उपयोगी पडते. काम झालं की आभाराचं पत्र त्यांच्या वरिष्ठांना पाठवा.

सापळा: काम न होताच तक्रार ‘निकाली’ दाखवली जाऊ शकते. बंद झाल्याचा संदेश आला की त्याच दिवशी जाऊन फोटो काढा आणि जुना टोकन क्रमांक घालून पुन्हा नोंदवा.

५. माहितीचा अर्ज

तक्रारी दोन-तीनदा फिरल्या की माहिती अधिकार कायदा, २००५ वापरा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. मजकूर दीडशे शब्दांत, एका अर्जात एकच विषय. ‘सांडपाणी का येतं?’ असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: अमुक पुलापासून तमुक पुलापर्यंतच्या मैलापाणी वाहिनीचा नकाशा, गेल्या दोन वर्षांतल्या नालेसफाईच्या कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या (प्रत्यक्ष किती काम झालं त्याच्या नोंदी) प्रती, बिलं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दुसऱ्या अपिलाला ९० दिवसांची मुदत असते. प्रती घेण्याआधी फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करा. तिथे बसून पाहिलं की नेमकं कुठलं पान हवं ते कळतं आणि खर्चही वाचतो.

पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. तो मार्ग आहे हे माहीत असू द्या, दावा दाखल करायची मुदत साधारण सहा महिन्यांची असते हेही लक्षात असू द्या, पण पहिल्या वर्षात तिकडे धाव घेऊ नका. वकिलालाही शेवटी तुमची वहीच लागणार आहे.

६. श्रमदान

आता पिशव्या काढा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी, दोन तास. जास्त नको, थकलेली माणसं पुढच्या वेळी येत नाहीत.

लागणारं सामान: जाड रबरी हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, दंताळं, घमेली, गोण्या, प्रथमोपचाराची पेटी, हात धुवायला भरपूर पाणी आणि साबण. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांनी आधी घ्यावं. हातापायाला जखम असेल त्याने त्या दिवशी वजनं-नोंदी सांभाळाव्यात, पाण्यात उतरू नये. लेप्टोस्पायरोसिसचा (उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून, जखमेवाटे होणारा आजार) धोका खरा आहे. गवतात हात घालण्याआधी काठीने आवाज करा, घोणस हलत नाही. सुया आणि फुटक्या काचा हाताने उचलायच्या नाहीत, त्यांच्यासाठी चिमटा आणि वेगळा डबा.

आणि हे अगदी निक्षून: चेंबरमध्ये किंवा झाकलेल्या नाल्यात कुणीही उतरायचं नाही. आत विषारी वायू साठतो आणि माणूस क्षणात कोसळतो. पैसे देऊन कुणाला उतरवणंही गुन्हा आहे, २०१३ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे.

कचरा नेण्याची गाडी आधी ठरवल्याशिवाय श्रमदान ठेवू नका. काठावर रचलेल्या गोण्या कुत्री फोडतात आणि पहिल्या पावसात सगळं परत पात्रात. आरोग्य निरीक्षकाला आठवडाभर आधी पत्र द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई तुमच्या भागात येत असतील तर त्यांच्याशी बोला. कुठलं प्लास्टिक विकलं जातं, कुठलं नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

काठावर वस्ती असेल तर पहिल्या दिवसापासून त्या लोकांना सोबत घ्या. सोसायटीतून येऊन ‘तुम्ही घाण करता’ असं म्हणणारा गट तिथेच संपतो. पूर कुठपर्यंत येतो, रात्री राडारोड्याचा डंपर कोण आणतो हे त्यांना ठाऊक असतं. कित्येक घरांना मैलापाण्याची जोडणीच नसते. ती मिळावी म्हणून त्यांच्यासोबत अर्ज करणं हे ओढ्याचंच काम आहे. निर्माल्याच्या बाबतीतही तसंच. फलक लावून कुणी थांबत नाही. पुलावर कलश ठेवा, तो रोज रिकामा होईल हे पाहा, आणि गणपती-नवरात्रात शेजारी उभं राहून नम्रपणे विनंती करा.

७. झाडं: आधी ओळखा, मग लावा

काठ म्हणजे बागेचा विस्तार नव्हे. पेव्हर ब्लॉक, हिरवळ आणि दगडी भिंत यांचा मोह टाळा. भिंतींनी पाण्याचा वेग वाढतो आणि पूर खालच्या वस्तीत ढकलला जातो. काठावरचं गवत-झुडूप हाच त्याचा खरा बांध. ते ‘साफ’ करायला कुणी निघालं तर थांबवा. पाणकोंबडी त्यातच घरटं करते.

पाण्यालगत लव्हाळा, वेखंड, शेरणी, निर्गुडी. थोडं वर वाळुंज, उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन. पात्राच्या आत झाड लावू नका: पुरात ते आडवं होतं, त्याच्या लोखंडी जाळीत प्लास्टिक अडकतं आणि तिथेच पाणी तुंबतं. लागवड जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार याची नावं कागदावर आली नसतील तर खड्डे खणू नका.

काढायचं ते घाणेरी, गाजरगवत, बेशरम. सुबाभळीची रोपं लहान असतानाच उपटा. झाड मोठं झालं की विदेशी असलं तरी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. जलपर्णी काढली तर काठावर ठेवू नका, दूर नेऊन वाळवा. पण ती येते कुठून ते विसरू नका: पाषाण तलाव राम नदीवरच बांधलेला आहे, आणि सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद मिळत राहतं तोवर जलपर्णी दर वर्षी परत पसरते.

८. जेसीबीवर लक्ष

एप्रिल-मेमध्ये नालेसफाई निघते. त्यात बऱ्याचदा पात्राचा तळ आणि दोन्ही काठ खरवडले जातात, गाळ काठावरच टाकला जातो आणि जूनमध्ये तो परत आत येतो. मार्चमध्येच अभियंत्याला लेखी विनंती द्या: तुंबलेल्या जागाच उपसाव्यात (यादी जोडा), गाळ ४८ तासांत उचलावा, काठावरची झाडं-झुडपं आणि झऱ्याची जागा सोडावी. तुमच्या पट्ट्यातल्या रांजणखळग्यांची (पाण्याने खडकात कोरलेल्या खळग्यांची) जागा नकाशावर लाल खुणेने दाखवा. काम चालू असताना गटातल्या एकाने तिथे उभं राहायचंच. चालकाला चहा द्या, झऱ्याची जागा दाखवा, तो ऐकतो.

९. पाणी मोजा

वर्षातून तीनदा पुरे: हिवाळा, उन्हाळा, पावसाळ्यानंतर. पट्ट्याच्या वर आणि खाली, एकाच दिवशी. आंघोळीच्या दर्जाच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम असावा. प्राणवायू जागेवरच मोजावा लागतो. बीओडीचा नमुना बर्फाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. शेजारच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना भेटा, विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात.

पैसे नसतील तर दगड उलटा. खाली फक्त लाल, वळवळणाऱ्या अळ्या असतील तर प्राणवायू फार कमी. तीन शेपट्यांच्या चपट्या मेफ्लाय अळ्या (स्वच्छ पाण्यातल्या एका कीटकाच्या) सापडल्या तर तो दिवस वहीत ठळक अक्षरात लिहा.

१०. नोंदणी आणि पैसा

पहिल्या वर्षी संस्था नोंदवायची गरज नाही. नोंदवायची झाल्यास सात जण, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. कंपन्यांचा सामाजिक निधी हवा असेल तर आयकर खात्याकडची करसवलतीची नोंदणी (१२ए, ८०जी या नावांनी ओळखली जाणारी) आणि असा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी लागते. निधी आला की देणाऱ्याला फोटो हवे असतात आणि काम रोपं-टीशर्टकडे सरकू लागतं. करारातच ‘सांडपाण्याचे स्रोत शोधणं आणि पाठपुरावा’ हे काम म्हणून लिहून घ्या. पाइपची, चेंबरची कामं महापालिकेच्याच पैशातून व्हायला हवीत. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेतली जातात. अर्ज पावसाळ्याच्या सुमारास निघतो, त्यात जागेचा क्रमांक आणि फोटो जोडून एक-दोनच कामं मागा.

पहिल्या फेरीला सोबत

- वही, पेन, जागेचा छापील नकाशा
- फोन आणि जास्तीचा चार्जर
- पारदर्शक बाटली, मोजपट्टी, लांब काठी
- बंद बूट, टोपी, पिण्याचं पाणी
- क्षेत्रीय कार्यालयाचा आणि कनिष्ठ अभियंत्याचा फोन नंबर
- कमीत कमी आणखी एक माणूस. काठावर एकट्याने उतरू नका

फेरी शक्यतो कामाच्या दिवशी करा, सुटीच्या दिवशी गॅरेज आणि धुलाई केंद्रं बंद असतात.